बी.एड. नसताना शिक्षक व्हायचंय? फेलोशिपबद्दल थोडं

बी.एड. नसताना, मानधन घेत, थेट वर्गात उभं राहता येतं म्हणून मी टीच फॉर इंडियाची (पदवीधरांना गरीब वस्त्यांतल्या मुलांना शिकवायला शाळांत पाठवणारी संस्था) फेलोशिप केली. पुण्या-मुंबईत ती 2009 पासून चालू आहे. पदवी लागते, शाखा कुठलीही चालते. दोन वर्षं पूर्णवेळ काम. मानधनात एकट्याचं भागतं. घरी पैसे पाठवायचे असतील तर आधी हिशेब करा.

सुरुवातीच्या निवासी प्रशिक्षणात पाठाचं नियोजन वगैरे शिकवतात. खरं शिकणं मुलांच्या वस्तीत होतं. पालकांना गाठायचं तर संध्याकाळी सातनंतर; त्याआधी आया कामावरून आलेल्याच नसतात. वर्गात इंग्रजी चालतं, पण मराठी-हिंदी येत नसेल तर दारातूनच परत फिराल.

माझ्या वर्गातली एक मुलगी हातच्याच्या वजाबाकीला हमखास अडायची. तिच्या आईची भाजीची गाडी. एकदा तिथे गेले, तर गिऱ्हाइकानं सदतीस रुपयांच्या भाजीला पन्नासची नोट दिली. पोरीनं आधी तीन सुटे ठेवले, ‘चाळीस’ म्हणाली. वर दहाची नोट, ‘पन्नास’. दुसऱ्या दिवशी फळ्यावर तीच भाजी मांडली आणि मग दहाची नोट मोडून हातचा दाखवला. हे मला कुठल्याही मॅन्युअलमध्ये मिळालं नसतं.

आता मुद्द्याचं. फेलोशिपच्या प्रमाणपत्रावर सरकारी शाळेत नोकरी मिळत नाही. पहिली ते पाचवीसाठी डी.एल.एड. (प्राथमिक शिक्षकांची पदविका, पूर्वीचं डी.एड.) हवं, बी.एड. तिथे चालणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट 2023 मध्ये स्पष्ट केलंय. शिवाय टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा: 150 पैकी 90 गुण, राखीव प्रवर्गांना सवलत. पुढे टेट (भरतीसाठीची वेगळी अभियोग्यता परीक्षा), पवित्र पोर्टल (शिक्षक भरतीचं सरकारी संकेतस्थळ), आणि निवड झालीच तर तीन वर्षं शिक्षणसेवक, म्हणजे मानधनावरचा शिक्षक, प्राथमिकला महिना 16,000. खाजगी शाळा आणि संस्था मात्र फेलोशिपचा अनुभव धरतात. मुक्त विद्यापीठातून बी.एड. करायचा बेत असेल, तर सेवेतल्या शिक्षकांसाठीच्या अटींत ही दोन वर्षं बसतात का, ते माहितीपुस्तिकेत आधीच बघा.

निवडीच्या वेळी छोटा नमुना पाठ घ्यावा लागतो. रंगीत चार्टांचा पसारा नको. एकच संकल्पना घ्या, आणि ‘समजलं का?’ असं विचारण्याऐवजी एखादं गणित समोरच्यांकडून सोडवून घ्या.