उरलेल्या जाड लोकरीचे बिनबोटांचे हातमोजे

जाड लोकरीचा स्वेटर विणून झाला की पन्नास-साठ ग्रॅम लोकर हमखास उरते. तेवढ्यात मफलर होत नाही, पण बोटं उघडी राहणारे हातमोजे होतात. निफाडकडच्या डिसेंबरात पहाटे फोन हाताळायला किंवा टाइप करायला हेच बरे. पूर्ण हातमोजे दर वेळी काढावे लागतात. इथली रीत दोन सरळ सुयांची आहे: चौकोन विणायचा, बाजूने शिवायचा आणि शिवणीत अंगठ्यापुरती फट सोडायची. अंगठ्यासाठी वेगळी कळी (टाके वाढवून विणलेला त्रिकोणी भाग) काढण्याची खटपट जाड लोकरीत करू नये. वीण पुरेशी ताणते आणि दोन्ही मोजे कुठल्याही हातात चालतात.

आधी लोकर वजनकाट्यावर ठेवा. मध्यम हाताच्या जोडीला ५० ते ६० ग्रॅम लागते. सुरुवातीलाच वजनाने दोन सारखे गुंडे करा. अंदाजाने विणत गेलं तर दुसऱ्या मोज्याला शेवटच्या चार ओळींत धागा संपतो आणि मग सगळंच उसवावं लागतं. लोकर कमी असेल तर मनगटाची बॉर्डर दुसऱ्या रंगात घ्या. प्रत्येक मोज्यामागे साधारण १० ग्रॅम वाचतात.

वेगवेगळे उरलेले धागे एकत्र करताना जात तपासा. धाग्याचा छोटा तुकडा चिमट्यात धरून मोरीत पेटवा. शुद्ध लोकरीला केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटांनी चुरडते; अ‍ॅक्रिलिक वितळून त्याचा कडक मणी होतो. दोन्ही एकाच मोज्यात आले तर गरम पाण्यात लोकर आटते, अ‍ॅक्रिलिक तसंच राहतं आणि मोजा वाकडा होतो. उसवलेल्या स्वेटरचा धागा असेल तर त्याची लडी करून कोमट पाण्यात भिजवा आणि लटकवून वाळवा. कुरळ्या धाग्याचे टाके लहानमोठे येतात.

सुया ६ मि.मी.च्या, म्हणजे जुन्या मापाने ४ नंबरच्या. १८ टाक्यांचा नमुना विणून मधले १० सेंमी मोजा: साध्या विणीत (एक ओळ सुलट, एक उलट) १४ टाके आणि २० ओळी आल्या पाहिजेत. १६ टाके आले तर सुई जाड घ्या, १२ आले तर बारीक. मोजल्यावर नमुना उसवून तोच धागा वापरता येतो.

अंगठा सोडून तळव्याचा घेर मोजा. १८ ते १९ सेंमीला २६ टाके, २० ते २१ला ३०, लहान मुलाच्या १५-१६ला २२. टाके घालताना दोन सुया एकत्र धरा, मग एक काढून घ्या. घट्ट घातलेल्या काठातून हात आत जात नाही, आणि हा दोष नंतर दुरुस्त होत नाही.

आता १४ ओळी बॉर्डर. पहिली ओळ दोन सुलट, दोन उलट अशी, शेवटी दोन सुलट. दुसरी दोन उलट, दोन सुलट, शेवटी दोन उलट. टाके चारच्या पटीत अधिक दोन घेतले आहेत ते शिवणीसाठी: दोन्ही कडांचा एकेक टाका शिवणीत जातो, उरलेले दोन सुलट शेजारी येतात आणि बॉर्डर अखंड दिसते. बॉर्डरमध्ये रंग बदलायचा तर सरळ बाजूला बदला आणि ती एक ओळ सगळी सुलट विणा. नाहीतर उलट टाक्यांच्या जागी आधीच्या रंगाचे ठिपके उमटतात.

पुढे एक ओळ सुलट, एक उलट अशा १८ ओळी, आणि शेवटी पुन्हा ४ ओळी बॉर्डर. पुष्कळ जणींना प्रत्येक ओळीचा पहिला टाका न विणता उचलायची सवय असते. इथे तसं करू नका, शिवण ढिली पडते. फक्त २१ ते ३० या दहा ओळींत उचला. तिथे अंगठ्याची फट येते आणि कड नेटकी राहते. शेवटचे टाके सुलटावर सुलट, उलटावर उलट असे सैल हाताने बंद करा. हात घट्ट असेल तर एक नंबर जाड सुई घ्या.

पहिला मोजा आधी तात्पुरता टाचून हातात घालून पाहा. खालून १० सेंमी, म्हणजे वीस ओळी शिवायच्या, मग ५ सेंमी मोकळे, मग वरचे ३ सेंमी. फट वर-खाली हवी असेल तर आत्ताच ठरवा. दुसरा मोजा सेंटिमीटरने नव्हे, ओळी मोजूनच विणा.

शिवताना सरळ बाजू वर ठेवून कडेच्या टाक्यामागचे आडवे धागे आळीपाळीने उचला. फटीच्या दोन्ही टोकांना दोन-दोन जास्त टाके मारा. अंगठ्याचा सगळा ताण तिथेच येतो. सैल पिळाची लोकर ओढताना तुटत असेल तर शिवायला त्याच रंगाचा बारीक धागा घ्या. जोडांना गाठी मारू नका, जाड लोकरीची गाठ तळव्याला टोचते. १५ सेंमी टोक सोडा, त्याचे पीळ उलगडून दोन भाग करा आणि ते वेगवेगळ्या दिशांना शिवणीत ओवा.

धुवायला थंड पाणी. पिळू नका, टॉवेलमध्ये दाबून पाणी काढा आणि सावलीत सपाट वाळवा. अ‍ॅक्रिलिकवर इस्त्री फिरवली तर बॉर्डरचा ताण कायमचा जातो.