पॅलिओवर वजन उतरवायचं, पण रस्त्यात आडवं व्हायचं नाही

माझं नागपुरात, इतवारीत हार्डवेअरचं दुकान आहे. खिळे आणि तार तोलायला एक मोठा इलेक्ट्रॉनिक काटा आहे, ५० ग्रॅमचा फरक दाखवणारा. एका दिवाळीनंतर सहज त्याच्यावर उभा राहिलो, तर ८४.३५. आठवड्याला दीडशे किलोमीटर सायकल, रविवारी फुटाळ्यापासून सेमिनरी हिल्सच्या चढावर धावणं, एवढं करून ८४! दुकानातला पोरगा म्हणाला, "भाऊ, दीड पोतं सिमेंट अन् वरून नऊ किलो."

आमच्या गावच्या डॉ. अमित समर्थांनी २०१७ मध्ये 'रेस अक्रॉस अमेरिका' ही सायकल शर्यत एकट्यानं पूर्ण केली, तेव्हा मी सायकल घेतली होती. तेव्हापासून पाय तयार झाले, पोट मात्र तिथंच राहिलं. लांब पल्ल्याचे बरेच जण या खड्ड्यात असतात. घाम गाळतो म्हणून तर्री पोहे, संत्रा बर्फी सगळं माफ समजतो आणि राइडमध्ये जाळलेलं नाश्त्यातच भरून काढतो. मी पॅलिओनं वजन उतरवलं. पहिल्यांदा साफ चुकीचं केलं, दुसऱ्यांदा बरं जमलं. दोन्ही सांगतो.

पॅलिओ म्हणजे शेती सुरू होण्याआधी, म्हणजे साधारण दहा हजार वर्षांपूर्वी, माणसाला जे मिळत होतं तेवढंच खायचं. मांस, मासे, अंडी, भाज्या, कंद, फळं, सुका मेवा चालतो. धान्य, डाळी, दूध, साखर आणि गिरणीतलं तेल बंद. फल्लीदाणेही बंद, कारण ते शेंगवर्गातले. मी ही यादी घरी वाचून दाखवली तेव्हा आई म्हणाली, "हे तं एकादशीच झाली, निस्तं मटन वाढलं वरून." बाईनं एका वाक्यात सगळं सांगितलं. रताळं, शिंगाडा, सुरण, केळी, खजूर या उपासाच्या गोष्टीच पुढं माझ्या कामी आल्या. (साबुदाण्याच्या उसळीचं मी विचारून पाहिलं. दाण्याच्या कुटामुळे बाद.)

आता पहिली चूक. नोव्हेंबरात पोळी, भात, वरण एका दिवसात सोडलं आणि कंदांकडेही पाहिलं नाही. चिकन, अंडी, पालक, काकडी, बदाम एवढंच. पहिल्या आठवड्यात काट्यावर अडीच किलो कमी! मी दुकानात पेढे वाटायचा बाकी होतो. पण ती चरबी नव्हतीच. आपल्या स्नायूंत आणि यकृतात मिळून साधारण ५०० ग्रॅम ग्लायकोजन, म्हणजे कर्बोदकांचा साठा, असतं आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमसोबत जवळपास तीन ग्रॅम पाणी बांधलेलं असतं. कर्बोदकं तोडली की हा साठा उतरतो आणि पाणीही जातं. झाले दोन किलो. धंद्याच्या भाषेत सांगायचं तर मी गल्ल्यातली रोकड रिकामी केली होती आणि मुदत ठेवीला हातही लागला नव्हता.

गल्ला रिकामा असल्याचं डिसेंबरात कळलं. अमरावती रोडवर २०० किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे ठरल्या वेळेत पुरी करायची लांब राइड, होती, वेळ साडेतेरा तास. जाताना मजेत गेलो. परतीला कोंढाळीच्या आसपास, म्हणजे दीडशेच्या सुमाराला, पाय एकदम बंद पडले. दुखत नव्हते, फक्त चालत नव्हते. डोळ्यांपुढे काजवे, हात थरथरत, आणि उगाच रडू येत होतं. खिशात होते बदाम. एका टपरीवाल्यानं न विचारता दुप्पट साखरेचा चहा आणि ग्लुकोज बिस्किटांचा पुडा हातात दिला. वीस मिनिटांत माणसात आलो. बाराव्या तासाला पोचलो, पण त्या चहाच्या जिवावर.

चरबी कितीही असली तरी ती हळू जळते आणि तेवढीच ताकद काढायला जास्त ऑक्सिजन मागते. ऑस्ट्रेलियात लुईस बर्क यांच्या गटानं वेगानं चालण्याच्या शर्यतीतल्या नावाजलेल्या खेळाडूंवर हेच तपासलं. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात फारच कमी कर्बोदकांवर असलेल्या खेळाडूंची चरबी जाळण्याची क्षमता वाढली, पण त्याच वेगाला ऑक्सिजन जास्त लागू लागला आणि शर्यतीतली वेळ सुधारली नाही. पॅलिओ म्हणजे कर्बोदकं शून्य, हा समज मीच करून घेतला होता. आदिमानव कंद खात होता. युरोपात तीस हजार वर्षांपूर्वीच्या दगडी पाट्यांवर वनस्पतींच्या पिठाचे कण सापडले आहेत.

दुसऱ्यांदा मी जूनमध्ये सुरुवात केली, आणि तुम्हीही शक्यतो तेव्हाच करा. आपल्याकडे शर्यती आणि ब्रेव्हेंचा खरा हंगाम थंडीचा. मे महिन्यात ४५ अंशात शरीर आधीच बेजार असतं, तेव्हा खाणं कापू नका. पावसाळ्यात राइड लहान होतात, तेव्हा थोडी कमी ताकद परवडते. मोठ्या शर्यतीच्या आधीचे सहा आठवडे कपात पूर्ण बंद.

किती कापायचं? दिवसाला ४०० ते ५०० कॅलरी, त्याहून जास्त नाही. एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७७०० कॅलरी, म्हणजे आठवड्याला अर्धा किलोच्या आतबाहेर. धावण्याचा हिशेब तोंडी ठेवा: किलोमीटरमागे वजनाच्या प्रत्येक किलोला एक कॅलरी. माझे दहा किलोमीटर म्हणजे साडेआठशे. एका सावजी मटणाच्या वाटीवर सात चमचे तर्री तरंगत असेल तर हे दहा किलोमीटर तिथंच संपले, कारण मोठ्या चमचाभर तेलात १२० कॅलरी असतात. सावजी सोडू नका, मी सोडलेलं नाही. वाटी पाच मिनिटं ठेवा, वरचं तेल काढून घ्या, भाकरीऐवजी उकडलेली कोचई, म्हणजे अळूचे कंद, घ्या. सावजीवाला तुमच्याकडे पाहील. पाहू द्या.

खरी युक्ती आहे वेळेची. व्यायामाच्या आधी, मध्ये आणि लगेच नंतर कर्बोदकं कापायची नाहीत. कापायची ती दुकानात बसून काढलेल्या वेळेतली. तासाभराच्या हलक्या धावण्याच्या दिवशी मी वजनाच्या किलोमागे अडीच ग्रॅम कर्बोदकं धरतो, म्हणजे दोनशे ग्रॅम. अर्धा किलो उकडलेली रताळी, दोन केळी, दोन संत्री आणि भाज्या, एवढ्यात भागतं. धावून आल्यावर लगेच अंडी आणि रताळी, दुपारी मासे किंवा चिकन आणि दोन वाट्या भाजी, रात्री सूप, कोशिंबीर आणि उरलेलं रताळं. प्रथिनं किलोमागे १.६ ग्रॅम, माझ्यासाठी १३० च्या आसपास: चार अंडी, पाव किलो बिनहाडाचं चिकन, दोनशे ग्रॅम रोहू किंवा मरळ, बाकी भाज्या-मेव्यातून. प्रथिनं कमी पडली की वजनासोबत मांड्याही उतरतात.

लांब राइडच्या दिवशी मात्र किलोमागे सहा ग्रॅम लागतात. पाचशे ग्रॅम झाले. ते नुसत्या रताळ्यांतून काढायचे तर अडीच किलो रताळी खावी लागतील, आणि त्यातला चोथाच ७५ ग्रॅम. पहाटे चारला उठून सायकलवर बसणाऱ्या माणसानं हा प्रयोग करू नये, रस्त्यावर आडोसे फार नाहीत. मी आदल्या रात्री आणि राइडवरून आल्यावर सरळ पांढरा भात खातो. पॅलिओचे कट्टर लोक नाक मुरडतील. पण याच पंथातल्या लॉरेन कॉर्डेन यांनी जो फ्रील या प्रशिक्षकासोबत २००५ मध्ये खेळाडूंसाठी वेगळे नियम लिहिले, तेव्हा व्यायामाच्या आगेमागे आणि मध्ये सूट दिलीच.

राइडच्या मध्ये काय? सव्वा-दीड तासाच्या आत असेल तर पाणी पुरे. पुढे प्रत्येक तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं, भूक लागायची वाट न पाहता. एका मध्यम केळ्यात पंचवीसेक ग्रॅम. बाटलीचं माझं प्रमाण: अर्धा लिटर पाणी, दोन मोठे चमचे मध, एका लिंबाचा रस आणि पाव लहान चमच्याहून थोडं कमी मीठ. दोन चमचे मध म्हणजे ३५ ग्रॅम. मध काहींच्या पोटाला लागतो, आधी अंबाझरीच्या फेरीत करून पाहा, ब्रेव्हेत नाही. खजूर बी काढून, तिळात घोळवून खिशात. २०० किलोमीटरच्या दिवशी शंभरीनंतर गोड चहा पितो आणि त्याचं प्रायश्चित्त घेत नाही.

मिठाबद्दल जरा जोरात सांगतो. कडक पॅलिओत वरून मीठ घालायचं नसतं. नागपुरात हा नियम पाळू नका. एकदा मे महिन्यात पहाटे पाचला दीड तास धावून आलो आणि काट्यावर १.४ किलो कमी दिसले, वर बाटलीभर पाणी प्यालो होतो ते वेगळं. म्हणजे जवळजवळ दोन लिटर घाम, आणि त्यात सोडियम. नुसतं पाणी ढोसलं तर रक्तातलं सोडियम पातळ होऊन डोकं दुखतं, मळमळतं, पुढे जिवावर बेततं. नारळपाण्यावर विसंबू नका, त्यात पोटॅशियम भरपूर आणि सोडियम कमी. पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणात पाण्यात ढवळलेलं ओआरएस सर्वांत भरवशाचं.

खरेदी सोपी आहे. भाजीला मी पहाटे कॉटन मार्केट गाठतो. रताळी, सुरण, कोचई एकदम आणतो आणि रविवारी कुकरला लावून ठेवतो. दुकानातून भुकेला आलेला माणूस डब्यात जे तयार असेल तेच खातो. पावसाळ्यात तरोट्याची पालेभाजी, उन्हाळ्यात चिवळीची, थंडीत उकडलेले काळे शिंगाडे. हे शिंगाडे म्हणजे आपल्या भागाची देणगी आहे, सोलायला वेळ लागतो म्हणून आपोआप कमी खाल्ले जातात. फसवतात ते बदाम आणि काजू. गल्ल्याशेजारी बरणी ठेवली होती, दिवसभरात शंभर ग्रॅम जायचे, म्हणजे पावणेसहाशे कॅलरी. बरणी आता घरी, मूठभरच डब्यात येते. सगळ्यात जड गेला दुधाचा चहा. अद्रकाचा काळा चहा आवडायला तीन आठवडे लागले, आणि 'आवडायला' हा शब्दही मी उदारपणे वापरतोय.

शाकाहारी असाल, अंडीही खात नसाल, तर या फंदात पडू नका. डाळी आणि दूध दोन्ही गेल्यावर प्रथिनं आणायची कुठून? वरण आणि दही ठेवा, मैदा, साखर, तळण सोडा. निम्म्याहून जास्त काम तेवढ्यानं होतं.

वजन रोज पहाटे, पोट साफ झाल्यावर, पण पाहायची ती आठवड्याची सरासरी. सावजीच्या दुसऱ्या दिवशी काटा एक किलो वर जातो, ते मीठ आणि पाणी. आठवड्याला वजनाच्या एका टक्क्याहून जास्त उतरत असेल तर लगेच एक रताळं वाढवा. पहाटेची नाडी चढी राहू लागली, झोप उडाली, सर्दी हटेना, नेहमीच्या चढावर धाप लागू लागली, तर समजा की जास्त कापलंय. आमच्या गटातल्या एका ताईंची पाळी तीन महिने बंद झाली आणि त्या खूश होत्या की वजन उतरतंय. हा धोक्याचा इशारा आहे. खर्चाच्या मानानं खाणं कमी पडलं की शरीर हाडं आणि संप्रेरकांचं काम थांबवतं. ऑलिम्पिक समितीनं २०१४ मध्ये याला 'रेड-एस' असं नाव दिलं आणि पुरुषांनाही ते होतं. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन, मूत्रपिंडाचा त्रास, वाढलेलं युरिक ॲसिड यातलं काही असेल तर आधी डॉक्टर, मग मटण.

जून ते सप्टेंबर मिळून काटा ८४ वरून ७६.५ वर आला. त्यानंतर मी कपात थांबवली आणि एकेक गोष्ट परत घेतली. आधी दही, कारण दूध बंद असताना कॅल्शियम तीळ आणि काट्यासकटच्या बारीक मासळीतून ओढूनताणून भरत होतो. मग वरण. पोळी शेवटी, आणि तीही दुपारची दोनच. डिसेंबरात पुन्हा अमरावती रोडची ब्रेव्हे केली. कोंढाळीला मुद्दाम त्याच टपरीवर थांबलो, चहा घेतला. बिस्किटं या वेळी पैसे देऊन.