प्रश्न सोडवून झाला, आता खालचं स्पष्टीकरण वाचायचं कसं?

एमबीबीएसची इंटर्नशिप करता करता नीट-पीजीचा (पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेश परीक्षेचा) अभ्यास चालू असला की हॉस्टेलवर रोज एक प्रश्न ठरलेला असतो, ‘आज किती एमसीक्यू (बहुपर्यायी प्रश्न) झाले?’ आकडा मोठा असला की बरं वाटतं. स्पष्टीकरणं किती वाचली, हे मात्र कुणी विचारत नाही. माझ्या मते खरा अभ्यास तिथेच होतो. सोलापुरात सिव्हिलला ड्युटी करत तयारी करणाऱ्यांकडे वेळ मोजकाच असतो, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

उत्तर उघडण्याआधी आपलं कारण मनात पक्कं करा. ‘ब’ निवडला, तर का निवडला, हे एका वाक्यात सांगता आलं पाहिजे. मग स्पष्टीकरणात तेच कारण दिलंय का ते बघा. उत्तर बरोबर आलं पण कारण भलतंच निघालं, तर त्या प्रश्नावर चुकल्याचीच खूण करा. अशा प्रश्नांवर हिरवी टिकमार्क दिसते, त्यामुळे आपण पुढे सरकतो आणि पुढच्या वेळी थोडा फिरवून विचारला की तोच प्रश्न वजा १ गुण देऊन जातो. उलट, जे खात्रीने येत होतं त्याचं पानभर स्पष्टीकरण वाचत बसू नका. तो वेळ वाया जातो.

आता चुकीच्या पर्यायांकडे वळू. समजा, पंचविशीतली बाई आहे, थकवा, हिमोग्लोबिन कमी, एमसीव्ही (लाल पेशींचा सरासरी आकार) कमी, फेरिटिन (लोहाचा साठा दाखवणारी तपासणी) कमी. उत्तर लोहाच्या कमतरतेचा ॲनिमिया, हे सगळ्यांना येतं. पण उरलेल्या तीन पर्यायांना एकेक करून विचारा, ‘प्रश्नात काय बदललं असतं, तर तू बरोबर ठरला असतास?’ फेरिटिन नॉर्मल किंवा जास्त आणि टीआयबीसी (रक्ताची लोह धरून ठेवण्याची क्षमता) कमी असती, तर जुनाट आजाराचा ॲनिमिया. एमसीव्ही बराच कमी, पण लाल पेशींची संख्या नॉर्मल किंवा जास्त आणि एचबीएटू (हिमोग्लोबिनचा एक प्रकार) ३.५ टक्क्यांच्या वर असतं, तर थॅलेसेमिया ट्रेट. फेरिटिन वाढलेलं आणि बोन मॅरोत रिंग सिडरोब्लास्ट (केंद्रकाभोवती लोहाचं कडं असलेल्या पेशी) दिसले असते, तर सिडरोब्लास्टिक. एकाच प्रश्नात चार प्रश्नांची तयारी झाली. ॲपमध्ये कोणता पर्याय किती टक्के लोकांनी निवडला ते दिसत असेल, तर सर्वांत जास्त लोक फसलेला चुकीचा पर्याय आधी घ्या. परीक्षक सापळा तिथेच लावतात.

नोट्स काढताना स्पष्टीकरण उतरवून घेऊ नका. (मोबाइलमध्ये कोष्टकांच्या स्क्रीनशॉटचं फोल्डर सगळ्यांकडे असतं, परीक्षेपर्यंत ते कुणी उघडत नाही.) आपण कुठे अडलो, तेवढीच एक ओळ लिहा. उदाहरणार्थ, ‘उष्माघातात पॅरासिटामॉल नाही, आधी झपाट्याने शरीर थंड करा.’ तापात मेंदूतला तापमानाचा सेट-पॉइंट वर सरकतो, उष्माघातात तो सरकलेला नसतो, म्हणून ते औषध तिथे कामाचं नाही. सोलापूरच्या मे महिन्यात मेडिसिनची ड्युटी केलेल्यांना हे वेगळं पाठ करावं लागत नाही. तसंच कीटकनाशकाच्या विषबाधेचं. ऑर्गनोफॉस्फरस गटातल्या कीटकनाशकाच्या विषबाधेत उतारा म्हणून दिलेलं ॲट्रोपिन पुरेसं झालं का, हे डोळ्याच्या बाहुलीवरून न ठरवता फुप्फुसं मोकळी झाली का ते ऐकून ठरवायचं. वॉर्डात असा पेशंट असेल, तर त्या रात्री त्याच विषयाची स्पष्टीकरणं वाचा, ती लक्षात राहतात.

छापलेलं स्पष्टीकरण जुनं असू शकतं, विशेषतः पीएसएममध्ये (प्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यकशास्त्रात). क्षयरोगाच्या जुन्या प्रश्नांखाली अजून आठवड्यातून तीनदा गोळ्या आणि कॅटेगरी टू (पुन्हा उपचार घेणाऱ्या पेशंटचा जुना गट) लिहिलेलं सापडतं. रोजच्या डोसची पद्धत देशभर २०१७ मध्ये आली आणि २०२० मध्ये कार्यक्रमाचं नावही एनटीईपी (राष्ट्रीय क्षयरोग निर्मूलन कार्यक्रम) झालं. राष्ट्रीय कार्यक्रम, लसीकरण, उपचाराची पहिली पसंती, असं काही दिसलं की चालू मार्गदर्शक सूचनांशी ताडून बघा.

वेळेचं गणित असं ठेवा. २०२४ पासून नीट-पीजीत ४० प्रश्नांचा एक भाग ४२ मिनिटांत सोडवावा लागतो. सरावही तसाच ४०-४० चा करा, आणि वाचायला त्याच्या दुप्पट वेळ हाताशी ठेवा. तो नसेल तर प्रश्न २० च घ्या.

आपल्याकडे घरी तेलुगू किंवा कन्नड, बाहेर मराठी आणि पुस्तकात इंग्रजी अशी पोरं भरपूर. चुकलेल्या प्रश्नाचं कारण रूम पार्टनरला घरच्या बोलीत सांगून बघा. पाठ केलेली इंग्रजी वाक्यं तोंडातून सहज निघतात, घरच्या बोलीत मात्र कारण कळलं नसेल तर दुसऱ्याच वाक्याला गाडी अडते. अडली की तेवढाच परिच्छेद पुन्हा वाचा.

आणि नाइट ड्युटीहून आल्यावर नवे प्रश्न उघडू नका. त्या दिवशी फक्त खुणा केलेले जुने प्रश्न घ्या, पर्याय हाताने झाकून.