नागपूर ते पचमढी : मोटारसायकलींचा गट घाटातून सुखरूप कसा न्यावा

नागपूरहून मोटारसायकलने पचमढीला जाणे ही आपल्याकडची जुनी हौस आहे. सावनेर, सौंसर, छिंदवाडा, परासिया, तामिया आणि मटकुली असा हा सुमारे २५० किलोमीटरचा रस्ता सपाटीवरच्या संत्र्यांच्या बागा मागे टाकत सातपुड्याच्या अंगावर चढत जातो. त्यात सौंसर आणि छिंदवाडा यांच्या दरम्यानचा सिल्लेवानीचा घाट, परासियानंतरची तामियाची चढण आणि मटकुलीनंतरची पचमढीची वळणे असे तीन वेगवेगळ्या स्वभावांचे डोंगरी टप्पे येतात. एकटा माणूस हा रस्ता आपल्या अंदाजाने सहज पार करतो. गट निघाला की मात्र गाड्यांची ताकद वेगळी, चालवणाऱ्यांचा सराव वेगळा, आणि पुढे गेलेल्याला गाठण्याच्या नादात नवशिक्या चालकाने आपल्या आवाक्याबाहेर जाण्याचा धोका कायम सोबत असतो. म्हणून गटाची सगळी तयारी एकाच गोष्टीभोवती उभी करावी, असे माझे ठाम मत आहे : गटाचा वेग सर्वांत नवख्या चालकाच्या वेगाने ठरतो, आणि प्रत्येक जण आपल्या मागच्या गाडीला जबाबदार असतो.

हे मला एका डिसेंबरमध्ये कळले. आम्ही सात गाड्या घेऊन निघालो होतो आणि सगळ्यांचे डोळे पुढच्या गाडीवर होते. छिंदवाड्याच्या चौकात पुढचे पाच जण परासियाच्या रस्त्याला वळले, मागचे दोघे सिग्नलला अडकले आणि नंतर नरसिंहपूरच्या रस्त्याला लागले. तामियाच्या अलीकडे चहाला थांबलो तेव्हा गाड्या मोजल्या, त्या पाचच भरल्या. त्या भागात नेटवर्क येत-जात असल्याने फोन लागेपर्यंत बराच वेळ गेला, दोघांना परत फिरून यायला त्याहून अधिक वेळ लागला, आणि पचमढीची शेवटची वळणे आम्हाला काळोखात, समोरून येणाऱ्या जीपच्या प्रखर दिव्यांत चढावी लागली. कोणाला इजा झाली नाही, पण त्या रात्री खोलीवर पोहोचल्यावर बराच वेळ कोणी बोलले नाही.

तेव्हापासून आमच्या गटात एक नियम आहे. जिथे रस्ता फुटतो, तिथे वळण्यापूर्वी कडेला थांबायचे आणि मागच्या गाडीने आपल्याला पाहिले, तिने हात किंवा दिवा दाखवला, म्हणजेच पुढे निघायचे. मागची गाडी आली नाही तर आपण थांबलेलो असतो, आपण दिसत नाही म्हणून आपल्या पुढची थांबते, आणि फोन न करता संपूर्ण गट पाच-दहा मिनिटांत आपोआप उभा राहतो. यासाठी कोणतेही उपकरण लागत नाही, फक्त आरशात पाहण्याची सवय लागते.

गट किती जणांचा आणि कोण कुठे

सहा ते आठ गाड्यांहून मोठा गट घाटात नेऊ नये. अधिक मंडळी असतील तर दोन गट करावेत आणि त्यांच्यात वीस-पंचवीस मिनिटांचे अंतर ठेवावे. सर्वांत पुढे रस्ता माहीत असलेला आणि स्वभावाने शांत असा चालक असावा. त्याच्याकडे वेगवान गाडी असण्याची काहीच गरज नाही. त्याच्या लगेच मागे गटातील सर्वांत नवख्या चालकाला ठेवावे. बहुतेक ठिकाणी नवख्याला शेवटी ठेवतात आणि तिथेच चूक होते, कारण पुढच्या प्रत्येक गाडीने थोडा वेग वाढवला की तो फरक साखळीच्या टोकापर्यंत वाढत जातो आणि शेवटच्याला सर्वांत जास्त धावावे लागते. दुसऱ्या क्रमांकावर तो असला की पुढचा चालक त्याला आरशात सतत पाहू शकतो आणि आपला वेग त्याच्यानुसार राखतो. सर्वांत शेवटी सराईत चालक असावा, आणि हत्यारे, पंक्चरचे सामान व प्रथमोपचाराची पेटी त्याच्याच गाडीवर असावी, म्हणजे ज्याची गाडी बंद पडेल त्याच्यापर्यंत मदत मागून चालत येते. हा क्रम ठरला की दिवसभर मोडू नये आणि गटातल्या गटात ओव्हरटेक करू नये.

निघण्याच्या आठवडाभर आधी सगळ्यांनी मिळून रामटेकपर्यंत एक फेरी मारावी. अंतर सुमारे पन्नास किलोमीटर आहे, आणि गडमंदिराकडे चढणाऱ्या रस्त्यावर थोडीच का होईना वळणे मिळतात. कोण वळणात घाबरून मध्येच ब्रेक दाबतो, कोणाची गाडी दोघांना घेऊन चढत नाही, कोण आरशात पाहतच नाही, हे सगळे त्या एका सकाळी दिसून येते.

गाडीची तयारी

सर्व्हिसिंग निघण्याच्या आदल्या दिवशी करू नये. किमान चार-पाच दिवस आधी करावी आणि नंतर गाडी शहरात चालवून पाहावी, कारण उघडून पुन्हा बसवलेल्या वस्तूतील खोट पहिल्या शंभर किलोमीटरमध्येच बाहेर येते. टायरची नक्षी, दोन्ही ब्रेकचे पॅड किंवा लायनर, हेडलाइट, मागचा दिवा आणि हॉर्न हे स्वतः तपासावे. टायरमधील हवा गाडी थंड असताना भरावी, आणि मागे माणूस बसणार असेल तर गाडीवरच्या स्टिकरवर किंवा पुस्तिकेत दोघांसाठी दिलेला आकडा पाहून भरावी.

चेनबद्दल मात्र थोडे सविस्तर सांगतो. लांबच्या प्रवासाला निघताना ती कसून घ्यावी, असा पुष्कळांचा समज असतो. माझ्या ओळखीच्या एका जुन्या मेकॅनिकने मला गाडीवर बसवले, माझ्या मागे आपल्या पोऱ्याला बसवले आणि खालून चेनला बोट लावून दाखवत म्हटले, “भाऊ, पाहा आता. रिकामी असताना ढिली वाटत होती, दोघं बसले की आपोआप ताणली. आधीच कसून ठेवली असती तर खड्ड्यात तुटली असती, नाहीतर बेअरिंग गेली असती.” मागचे चाक वर-खाली होताना चेनला लागणारी जागा तिला मिळालीच पाहिजे, म्हणून पुस्तिकेत दिलेला ढिलेपणा तसाच राखावा. साधारण दर ५०० किलोमीटरला चेनला ल्यूब द्यावे. जाऊन-येऊन आणि तिथले फिरणे धरले तर या प्रवासात मध्ये एकदा ते करावेच लागते, आणि ते रात्री मुक्कामावर, चेन कोमट असताना केले तर सकाळपर्यंत चांगले मुरते.

सुटे भाग प्रत्येक गाडीचे वेगळे असतात, म्हणून क्लच केबल, ॲक्सिलरेटर केबल, फ्यूज आणि स्पार्क प्लग ज्याने-त्याने आपले घ्यावेत. क्लचची नवी केबल जुन्या केबलच्या शेजारूनच ओढून ठेवावी आणि टेपने बांधावी. जुनी तुटली की टाकी न काढता फक्त दोन टोके जोडावी लागतात. ट्यूब असलेल्या टायरसाठी पुढची आणि मागची अशा दोन्ही ट्यूब सोबत हव्यात. ट्यूबलेस टायरसाठी पंक्चरची किट आणि हवेचा छोटा पंप पुरेसा होतो.

सामान खाली आणि गाडीच्या मध्याजवळ बांधावे. नागपुरात आपण उन्हासाठी तोंडाला दुपट्टा किंवा स्टोल बांधतो. त्याचे मोकळे टोक जॅकेटच्या आत खोचल्याशिवाय गाडी सुरूच करू नये. मागे बसलेल्याची ओढणी चेनमध्ये किंवा चाकात गेली तर सावरायला क्षणाचाही अवकाश मिळत नाही. हेल्मेट दोघांनाही हवे, आयएसआय मार्क असलेले आणि पट्टा लावलेले. लायसन्स, आरसी, विमा आणि पीयूसी ही कागदपत्रे डिजिलॉकरमध्ये असली तरी चालतात, पण मोबाइलची बॅटरी संपू शकते हे लक्षात घेऊन मूळ प्रतीही जवळ ठेवाव्यात.

निघण्याची वेळ आणि थांबे

ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा या रस्त्याचा उत्तम काळ. पावसाळ्यात हिरवळ डोळे निववते, पण घाटात धुके, ओघळून आलेली माती आणि सुटे दगड असतात. नवख्यांना घेऊन तेव्हा जाऊ नये. नागपंचमीच्या सुमारास नागद्वारच्या यात्रेला आणि महाशिवरात्रीला चौरागडच्या जत्रेला विदर्भातून मोठी गर्दी लोटते, त्या दिवसांत हा रस्ता भाविकांसाठी सोडावा. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहाची फुले वेचायला माणसे रस्त्याच्या कडेला वाकलेली असतात आणि त्याच फुलांसाठी अस्वलेही येतात, तेव्हा जंगलाच्या पट्ट्यात चांगले उजाडल्यावरच शिरावे.

हिवाळ्यात सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो. शेवटचा घाट चार-साडेचारपर्यंत चढून व्हायला हवा, आणि गटाला थांब्यांसकट आठ तास सहज लागतात, म्हणून सकाळी सहाला मानकापूरहून कोराडीच्या रस्त्याला लागावे. पहिला थांबा सावनेरला, सुमारे पस्तीस किलोमीटरवर घ्यावा. तो विश्रांतीसाठी नसून सैल झालेली सामानाची दोरी, गळणारे तेल आणि ढिला आरसा पाहण्यासाठी आहे. न्याहारी तिथेच उरकावी. तर्री-पोह्यांवर तर्री जरा कमीच घ्यावी, कारण घाटात पोट जड असले की झोप आणि मळमळ दोन्ही येतात. त्यानंतर दर साठ-सत्तर किलोमीटरला थांबावे. पेट्रोलचा हिशेब सर्वांत लहान टाकीच्या गाडीवरून करावा आणि छिंदवाड्याला सर्वांनी एकदमच टाक्या भराव्यात.

घाटात

सरळ रस्त्यावर गाड्या आलटून-पालटून डाव्या-उजव्या बाजूला चालल्या तरी चालते. घाट सुरू झाला की सर्वांनी एका ओळीत यावे आणि दोन गाड्यांतील अंतर वाढवावे. वेग वळणाच्या आधी कमी करावा, गिअर आधीच पाडावा, आणि वळणात हलक्या, एकसारख्या ॲक्सिलरेटरने गाडी काढावी. नजर जिकडे जाते तिकडे गाडी जाते. म्हणून दरीकडे किंवा समोरच्या ट्रककडे न पाहता वळण जिथे उघडते तिथे पाहावे.

उजव्या वळणावर एक चूक सराईतांकडूनही होते. चाके आपल्या लेनमध्ये असतात, पण गाडी कललेली असल्यामुळे चालकाचे डोके आणि हँडल मधल्या रेषेच्या पलीकडे गेलेले असते, आणि त्याच क्षणी वरून येणारी बस वळण कापत असते. म्हणून उजव्या वळणावर आपल्या लेनच्या डाव्या बाजूनेच राहावे. तिथून पुढचा रस्ताही लवकर दिसतो. अगदी कडेला मात्र जाऊ नये, तिथे खडी साचलेली असते. चढणीच्या वळणांवर ट्रकच्या भरलेल्या टाकीतून डिझेल सांडलेले असते. काळसर, इंद्रधनुषी चमक दिसली की गाडी सरळ ठेवून, ब्रेक न लावता तेवढा पट्टा ओलांडावा. फेब्रुवारीनंतर सागाच्या पानगळीचाही असाच सांभाळ करावा लागतो. मागे बसणाऱ्याने चालकासोबतच कलावे. भीतीने उलट्या बाजूला झुकले की गाडी वळणाबाहेर जाते, हे त्याला निघण्यापूर्वीच समजावून सांगावे.

उतरताना पेट्रोल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये सोडण्याची सवय अनेकांना असते. ती घाटात जिवावर बेतू शकते. इंजिनाची ओढ नाहीशी होते, सगळा भार ब्रेकवर येतो, आणि लायनर तापले की पेडल दाबूनही गाडी थांबत नाही. ज्या गिअरमध्ये चढलो, साधारण त्याच गिअरमध्ये उतरावे. जळक्या लायनरचा वास आला तर रुंद जागी थांबून पंधरा-वीस मिनिटे ब्रेक थंड होऊ द्यावेत. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नये, ती वाकते. अरुंद जागी चढून येणाऱ्या वाहनाला आधी वाट द्यावी.

गाडी पडलीच तर सगळ्यांनी पडलेल्याभोवती गोळा होऊ नये. दोघांनी ताबडतोब वळणाच्या अलीकडे आणि पलीकडे दूरवर उभे राहून वाहने थांबवावीत, एकाने पडलेल्या गाडीची चावी बंद करावी. जखमीचा श्वास मोकळा असेल तर त्याचे हेल्मेट ओढून काढू नये, मानेला धक्का बसतो. मदतीसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८.

तामियाला दरीच्या काठावर थांबून पुढच्या डोंगररांगा मन भरून पाहाव्यात. तो थांबा कधीही चुकवू नये. पाताळकोटकडे वळणार असाल तर तिथे भारिया आणि गोंड लोकांची घरे आहेत हे ध्यानात ठेवावे, सायलेन्सरचा आवाज काढू नये आणि विचारल्याशिवाय फोटो घेऊ नयेत. पचमढीत गाड्यांना आणि स्वतःला एक पूर्ण दिवस विश्रांती द्यावी आणि १३५२ मीटर उंचीच्या धूपगडावर तिथल्या जीपनेच जावे. डिसेंबरच्या रात्री पचमढीचा गारठा नागपूरकरांच्या अंदाजाबाहेरचा असतो, म्हणून पूर्ण बोटांचे हातमोजे आणि वारा अडवणारे जॅकेट सोबत असावे. बोटे आखडली की क्लच आणि ब्रेक दोन्ही उशिरा दाबले जातात.

परतीच्या दिवशी घाट संपल्यावर, सौंसरनंतरच्या सरळ रस्त्यावर थकवा जाणवू लागतो आणि घर जवळ आले म्हणून वेग वाढतो. त्यासाठी सावनेरला पुन्हा थांबावे, चहा घ्यावा आणि गट तिथेच मोडावा, म्हणजे शहराच्या गर्दीत एकमेकांना गाठण्याची धडपड उरत नाही. घरी पोहोचल्यावर प्रत्येकाने शेवटच्या चालकाला निरोप द्यावा, आणि सर्वांचे निरोप येईपर्यंत त्याने फोन बाजूला ठेवू नये.