एट्रुस्कन लक्षात राहत नाहीत? राजमा आणि चणे घेऊन बसा

भाची इतिहासात एम.ए. करतेय, रोम सगळं पाठ पण त्याच्या आधीचे इटलीतले एट्रुस्कन लोक काही डोक्यात राहीनात. मग एका रविवारी पोहे-जलेबी आटोपून टेबलावरच बसलो, तेव्हा जे जमलं ते सांगतो.

जुन्या कॅलेंडरची मागची बाजू घ्या. इटलीचा अख्खा बूट काढायच्या भानगडीत पडू नका, वर आर्नो नदी, खाली टायबर आणि डावीकडे समुद्र, बस. मधला पट्टा म्हणजे एट्रुरिया, टस्कनी हे नाव याच लोकांवरून आलंय. आता राजम्याचे दाणे मांडा, एक दाणा म्हणजे एक एट्रुस्कन शहर: टायबरपाशी वेई, किनाऱ्याच्या बाजूला केरे, तार्क्विनिया, वुल्ची, पॉप्युलोनिया, आत व्होल्सिनी, क्लुसियम, पेरुसिया. समोरच्या एल्बा बेटावर एक टाचणी ठेवा कारण खरा पैसा तिथल्या लोखंडात होता, पॉप्युलोनियाच्या भट्ट्यांचा मळ एवढा साचला होता की विसाव्या शतकात लोकांनी तो परत वितळवून त्यातून लोखंड काढलं! आणि हो, एक राजमा रोमवरही ठेवा, परंपरेनुसार इ.स.पू. 509 पर्यंत तिथे तार्क्विन राजे होते ना, ते एट्रुस्कनच.

राजधानी शोधू नका, नाहीच आहे. बारा शहरांचा संघ होता, व्होल्टुम्ना देवाच्या ठाण्यावर सगळे जमायचे, पण फौज ज्याची त्याची.

आता जे शहर रोमच्या हातात गेलं तिथला राजमा उचलून चणा ठेवत जा. इ.स.पू. 474 ला नेपल्सजवळच्या कुमेच्या समुद्रात सिसिलीतल्या सिराक्यूजच्या ग्रीकांनी एट्रुस्कनांना हरवलं, दाणा नाही बदलत पण दर्यावरचा जोर गेला. पहिला चणा वेईवर, 396. रोमपासून जेमतेम 16 किलोमीटर, वेढा म्हणे दहा वर्षं चालला, मदत मागितली तर बाकीची शहरं आलीच नाहीत. भाचीला हे पटेना म्हणून तिला 1803 सांगितलं, शिंदे आणि नागपूरकर भोसले इंग्रजांशी लढत होते तेव्हा आपले होळकर बाजूला राहिले, आणि पुढच्या वर्षी त्यांची पाळी आली तेव्हा ते एकटे. लगेच ट्यूब पेटली.

पुढे 295 ला सेंटिनमची लढाई, तिथेही रोम जिंकलं. 264 ला व्होल्सिनी पाडलं आणि उरलेली माणसं बोल्सेना तळ्याकाठी नेऊन बसवली, तो दाणा बदलायचा नाही, सरकवायचा. बाकी बऱ्याच शहरांशी रोमचे तह झाले, तैनाती फौजेच्या उलट प्रकार, कारभार तुमचा पण शिपाई आम्हाला द्या. इ.स.पू. 90-89 मध्ये नागरिकत्व मिळालं की उरलेले सगळे चणे करून टाका.

भाषा मात्र कुठेच ठेवता येत नाही. लिपी ग्रीकवरून घेतलेली म्हणून वाचता येते, अर्थ बऱ्याच ठिकाणी लागत नाही. सगळ्यात लांब मजकूर कुठे सापडला तर इजिप्तच्या एका ममीला गुंडाळलेल्या कापडाच्या पट्ट्यांवर, आता क्रोएशियात झाग्रेबला आहे.

आवरताना टाचणी आधी उचला, आमच्याकडे ती चण्यांसोबत डब्यात गेली आणि ताईचं अजून ऐकतोय.