बंद पडलेली आर्थिक आकडेवारी ऑनलाइन कशी मिळवावी

अनेक वर्षांचा तक्ता तयार करताना एका महिन्यापाशी आकडे अचानक संपतात. आधी वाटतं, फाइल अर्धवट उतरली. बहुतेकदा ती मालिकाच, म्हणजे ठरावीक काळाने प्रसिद्ध होणारी ती आकडेवारीच, बंद झालेली असते. अमेरिकेची मध्यवर्ती बँक असलेल्या फेडरल रिझर्व्हने 'एम३' या चलनपुरवठ्याच्या मोजमापाचे आकडे २३ मार्च २००६ पासून देणं थांबवलं. 'एम२' या अधिक मर्यादित मोजमापापेक्षा त्यातून जास्त काही कळत नाही आणि गोळा करण्याचा खर्च मात्र होतो, असं कारण दिलं गेलं. तरीही १९५९ ते २००६ चे आकडे सेंट लुईस फेडरल रिझर्व्ह बँकेच्या 'फ्रेड' या मोफत डेटाबेसमध्ये आजही आहेत.

शोधाची सुरुवात फ्रेडपासूनच करा. तिथे बंद मालिकेच्या नावापुढे कंसात 'डिस्कंटिन्यूड' असं लिहिलेलं असतं. नुसतं विषयाचं नाव टाकलं, तर लोक जास्त पाहतात त्या मालिका वर येतात आणि जुन्या खाली राहतात. म्हणून शोधशब्दांत 'डिस्कंटिन्यूड' हा शब्द इंग्रजीत घाला, किंवा त्याच नावाचा टॅग निवडा. मालिकेचा कोड हाताशी असेल तर फारच उत्तम. जुन्या अहवालातल्या किंवा शोधनिबंधातल्या आलेखाखालच्या बारीक टिपेत तो बऱ्याचदा सापडतो.

मालिकेचं पान उघडलं की लगेच डाउनलोडकडे धावू नका. खाली असलेल्या टिपा आधी वाचा. मालिका का थांबली, तिच्या जागी कोणती आली, व्याख्या कुठे बदलली हे तिथेच कळतं. एकक, वारंवारिता आणि हंगामी समायोजन (दरवर्षी ठरावीक काळात होणारे चढउतार वगळणं) झालंय की नाही हेही पाहून घ्या. मग सीएसव्ही किंवा एक्सेल फाइल उतरवा आणि टिपांचा मजकूर, कोड व उतरवल्याची तारीख त्याच फाइलच्या वेगळ्या पानावर चिकटवा. हे काम मी कधीच टाळत नाही, कारण सहा महिन्यांनी नुसते आकडे पाहून काहीच आठवत नाही.

एखाद्या वर्षी लोकांसमोर नेमका कोणता आकडा होता हे हवं असेल, तर फ्रेडचंच भावंड 'अल्फ्रेड' पाहा. आकडे नंतर सुधारले जातात. अल्फ्रेडमध्ये तारखेनुसार त्यांच्या जुन्या आवृत्त्या मिळतात.

खरी कसोटी लागते ती जुनी मालिका नव्याला जोडताना. डॉलरचा व्यापारभारित व्यापक निर्देशांक घ्या, म्हणजे अनेक देशांच्या चलनांना व्यापारानुसार वजन देऊन त्यांच्या तुलनेत मोजलेली डॉलरची किंमत. जुन्या मालिकेत फक्त वस्तूंचा व्यापार धरला होता, जानेवारी १९९७ = १०० हा तिचा पाया होता (त्या महिन्याचा आकडा १०० धरून बाकीचे मोजलेले) आणि ती २०१९ अखेर थांबली. नवीत सेवांचा व्यापारही आहे आणि पाया जानेवारी २००६ = १००. दोन्ही मालिका २००६ ते २०१९ या काळात एकत्र मिळतात, म्हणून जोड शक्य होते. समजा एका महिन्यात जुना आकडा १५० आणि नवा १२० आहे. तर १२० भागिले १५० म्हणजे ०.८ हा जोडगुणक. २००६ आधीच्या जुन्या आकड्यांना त्याने गुणायचं. पण एका महिन्यावर विसंबू नका. सामाईक काळातल्या प्रत्येक महिन्याचं गुणोत्तर काढून बघा. ते जवळपास स्थिर असेल तर जोड टिकाऊ. सतत सरकत असेल तर दोन्ही मालिका वेगळ्याच गोष्टी मोजताहेत. अशा वेळी आलेखावर दोन वेगळ्या रेषाच दाखवाव्यात, असं माझं ठाम मत आहे.

नावावरून फसायला होतं, तेही सांगतो. फ्रेडवर अमेरिकेसाठी 'एम३' नावाची आणखी एक मालिका सापडते, ती ओईसीडी या आर्थिक सहकार्यासाठीच्या देशांच्या संघटनेची. तिच्यात २००६ नंतरचेही आकडे दिसतात. फेडरल रिझर्व्हची एम३ पुढे चालू राहिली असं समजून ती जोडली, तर सगळं विश्लेषण चुकेल. स्रोत आणि व्याख्या जुळल्याशिवाय जोड नको.

इतर ठिकाणीही हाच क्रम चालतो. जागतिक बँकेच्या डेटाबँकेत 'डब्ल्यूडीआय डेटाबेस आर्काइव्ह्ज' हा पर्याय निवडा (डब्ल्यूडीआय म्हणजे बँकेचे जागतिक विकास निर्देशक). तिथे जुन्या आवृत्त्या आहेत, त्यामुळे आजच्या यादीतून काढलेले निर्देशकही मिळू शकतात. अमेरिकेच्या कामगार सांख्यिकी कार्यालयाने बंद डेटाबेसांसाठी वेगळा विभाग ठेवला आहे. अनेक देशांचे आकडे एकाच ठिकाणी चाळायचे असतील तर 'डीबीनॉमिक्स' हे संकेतस्थळ उपयोगी पडतं.

कधी मालिका खरोखरच काढून टाकलेली असते. लायबॉर, म्हणजे लंडनमध्ये बँकांनी एकमेकांना कर्ज देण्याच्या व्याजदरांचे आकडे २०२२ च्या सुरुवातीला फ्रेडवरून हटवले गेले, कारण त्यांची मालकी दुसऱ्याची होती. सार्वजनिक कार्यालयाची फाइल नाहीशी झाली असेल तर जुनी वेबपानं साठवून ठेवणाऱ्या 'वेबॅक मशीन'मध्ये पानाऐवजी थेट त्या एक्सेल किंवा सीएसव्ही फाइलचा पत्ता टाकून बघा. पर्याय निवडून तयार होणारे तक्ते तिथे सहसा साठत नाहीत. थेट दुवा असलेल्या फाइल मिळण्याची शक्यता जास्त. तेही जमलं नाही तर आकडे काढणाऱ्या कार्यालयाला तक्त्याचं नाव, कोड आणि हवा असलेला काळ स्पष्ट लिहून ईमेल करा.