रेस हरल्यावर परत बोटीत कधी बसायचं? रोइंगमध्ये नवीन आलेल्यांसाठी माझा अनुभव

रोइंगमध्ये आपण उलटे तोंड करून बसतो हे सगळ्यांना माहीत असतं, पण त्याचा हरण्याशी काय संबंध ते पहिल्या रेसला कळतं. पुढे असलात तर मागचे सगळे दिसतात. शेवटी असलात तर समोर काहीच नसतं, नुसतं पाणी आणि आपल्याच वल्ह्यांनी उठवलेले भोवरे, दोन डावीकडे दोन उजवीकडे, लांब लांब जाणारे. माझी पहिली सिंगल स्कल (एकटीची बोट, दोन हातांत दोन वल्ही) ट्रायल अशीच गेली, 2000 मीटरपैकी शेवटचे हजारेक मीटर मला एकही बोट दिसली नाही, फक्त पाठीमागून दुसऱ्यांसाठीचा आरडाओरडा ऐकू येत होता.

पेडण्याला घरी आले आणि बॅग तशीच दारात टाकली. आई म्हणाली, "बाय, आधी जेवून घे, मग काय ते ठरव." मी ठरवलं की पाण्यावर जायचंच नाही, आणि नऊ दिवस गेले नाही. हरण्यापेक्षा ते नऊ दिवस महाग पडले. हातावरचे घट्टे मऊ झाले होते, परत बसले त्या पहिल्याच दिवशी फोड फुटले. म्हणून सांगते, दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या दिवशी बोट पाण्यात घालाच, घड्याळ न लावता, 18च्या रेटने, म्हणजे मिनिटाला 18 वेळा वल्हं मारत, हळू. खारफुटीच्या कडेने एक फेरी मारून या, बस.

मग स्प्लिट बघा, म्हणजे दर 500 मीटरला लागलेला वेळ. सरांनी माझे 500-500चे चार आकडे वहीच्या पानावर लिहून दिले. मला वाटत होतं मी सगळ्यातच कमी आहे, पण पहिला 500 इतरांच्या बरोबरीचा होता आणि तिसऱ्यात एकट्यात 11 सेकंद मागे पडले होते! स्टार्टला जीव तोडून मारलं की पाय भरून येतात, मग रिकव्हरीत, म्हणजे वल्हं पाण्याबाहेर काढून पुढच्या स्ट्रोकला जाताना, सीट घाईने पुढे सरकते, वल्हं पाण्यात नीट बसत नाही आणि क्रॅब लागतो, म्हणजे पाणी वल्हं धरूनच ठेवतं. "मी कमजोर आहे" यावर काय करणार, पण "तिसरा 500 कच्चा आहे" यावर रोज काम करता येतं.

नदीवरचा टाइम मात्र मनाला लावून घेऊ नका. आमच्या शापोरा नदीत भरती-ओहोटी असते, ओहोटीबरोबर खाली येताना जो टाइम लागतो तो उलट जाताना कुठून लागणार? जगातसुद्धा या खेळात वर्ल्ड रेकॉर्ड म्हणत नाहीत, वर्ल्ड बेस्ट टाइम म्हणतात, कारण वारा-पाणी प्रत्येक ठिकाणी वेगळं. स्वतःशी तुलना करायची तर अर्गोमीटरवर, म्हणजे जमिनीवरच्या रोइंग मशीनवर, ड्रॅग फॅक्टर (मशीन ओढायला किती जड लागतं तो आकडा) दरवेळी तोच ठेवून. पावसाळ्यात तसंही तेच जास्त होतं.

आणि मला खरा धीर आला तो रेपेशाजमुळे. हीटमध्ये, म्हणजे पहिल्या फेरीत, मागे पडलेल्यांना मिळालेली परत एक रेस. 2024ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये भारताचा बलराज पंवार हीटला चौथा आला, रेपेशाजमध्ये दुसरा येऊन क्वार्टरफायनलला गेला. आपल्या नाशिककडचा दत्तू भोकनळ 2016ला रिओत क्वार्टरफायनलला अडकला, मेडल तिथेच संपलं, तरी फायनल सी (तेरा ते अठरा नंबरांसाठीची रेस) जिंकून तेरावा आला. मेडल नाही हे माहीत असताना शेवटच्या 500ला तेवढा जोर लावायचा, याचा मी कितीदा विचार केलाय सांगता येत नाही.

मोटिव्हेशनचे व्हिडिओ मला दोन दिवस पुरतात. पहाटे साडेपाचला जेटीवर कोणीतरी वाट बघतंय हे जास्त पुरतं, तेव्हा डबल्ससाठी, म्हणजे दोघांच्या बोटीसाठी, एक पार्टनर धराच, आपली मुख्य बोट सिंगल असली तरी.

एक वही ठेवा, रोज एकच ओळ, बरं-वाईट न लिहिता फक्त काय झालं ते. माझी कालची ओळ: तिसरा 500, रेट 28, डावं वल्हं दोनदा उशिरा बाहेर आलं.